टाके, ठिपके आणि मायची धुरी

डिस्चार्जच्या कागदावर एकोणीस सूचना होत्या. मी त्या प्रवासातच पाठ केल्या. घरी आल्यावर त्यातल्या चार मोडल्या, आणि त्याही जाणूनबुजून. कशा मोडल्या आणि त्याचं काय झालं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. लातुरात एका खाजगी शिकवणी वर्गाच्या ऑफिसात काम करते. कोणत्या तुकडीला कोणती खोली, कोणत्या दिवशी कोणती चाचणी, कोण कुठल्या बाकावर, हे सगळं माझ्याकडे असतं. माझी यादी चुकली तर दोनशे पोरं व्हरांड्यात उभी राहतात, म्हणून ती चुकत नाही. घरच्यांनी मला मुलगा म्हणून वाढवलं. मी बाई आहे हे मला फार लवकर कळलं होतं, सांगायला चाळिशी उलटली, आणि सांगितल्यापासून ऑपरेशनपर्यंत पोचायला सहा वर्षं गेली. हैदराबादेत योनीमार्ग तयार करण्याची शस्त्रक्रिया झाली. ती नीट झाली. बिघडलं ते नंतर. आमच्यासारख्या बायांना ऑपरेशनच्या आधीचं कुणीतरी सांगतं, वर्षानंतरचंही सांगतं. मधल्या तीन महिन्यांचं मात्र कुणी बोलत नाही.

कदलोद्दु

दवाखान्यात पहिले सहा दिवस पाठीवर. आत पट्टी घट्ट भरलेली, लघवीची नळी लावलेली. कूस बदलायची नाही. मला जागेवर बसवत नाही हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. फोनवर बोलतानासुद्धा मी चालते. इथं मी छताच्या पंख्याची पाती मोजली, खिडकीचे गज मोजले, सलाइनचे थेंब मिनिटाला किती ते मोजलं. जरा पाय हलला की तेलुगू सिस्टर दारातूनच म्हणायची, "कदलोद्दु." हलू नको. चौथ्या दिवशी मी तिला विचारलं की दुसरा एखादा शब्द येतो का. तिनं विचार केला आणि म्हणाली, "ओपिका." धीर. मग दोन्ही शब्द ऐकवायला लागली.

सातव्या दिवशी पट्टी काढली आणि मला डायलेटर शिकवला. गुळगुळीत, कडक प्लास्टिकची कांडी असते. शरीर या नव्या मार्गाला जखम समजतं आणि जखमेसारखंच बुजवायला बघतं. म्हणून दिवसातून तीनदा, अर्धा अर्धा तास, पाठीवर पडून ती आत धरून ठेवायची. कांडीवर ठिपके असतात. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत बोटाचं एक पेर. आत किती ठिपके गेले त्यावर खोली कळते. ठिपके कमी झाले म्हणजे मार्ग आवळतोय.

हैदराबाद सोडलं तेव्हा माझे पाच होते.

नांदेड

लातुरात मी तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहते. जिना चढायची मनाई होती, म्हणून नांदेडला धाकट्या बहिणीकडे, सुनंदाकडे आले. सुनंदा नायगावजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. सकाळी बसनं जाते, संध्याकाळी येते. तिचा नवरा रेल्वेत, आठवड्यातले चार दिवस बाहेर. दोन्ही पोरं शिकायला बाहेरगावी. म्हणजे दिवसभर घरात दोघीच. मी आणि माय.

मायबद्दल आधी सांगायला हवं. ती गावाकडं अंगणवाडीत मदतनीस होती, तीस वर्षं. गावात कुणाची पाळी चुकली हे नवऱ्याच्या आधी तिला कळायचं. किती बायांची बाळंतपणं तिनं निभावली याचा हिशोब नाही. बुद्धविहारात जाणारी, नवस नाही, अंगारा नाही, ताईत बांधणाऱ्याला दारात उभं न करणारी. पण मी सांगितल्यापासून सहा वर्षं ती माझ्याजवळ बसली नव्हती. भांडली नाही, हाकललं नाही. फक्त माझ्याशी थेट बोलायची नाही. मी समोर बसलेली असताना म्हणायची, "सुनंदा, भाजी पाहिजे का इचार."

सुनंदा वैतागायची. "माय, समोरच हाय अक्का. तूच इचार की."

"माझा आवाज बसलाय."

आवाज सहा वर्षं बसलेला होता, फक्त माझ्यापुरता.

सतरावा दिवस

सकाळच्या फेरीनंतर कांडीवर रक्त दिसलं. हातआरसा घेऊन बघितलं. खालच्या बाजूचा टाका उघडला होता. चिंचोक्याएवढी जागा, आतून लाल. मी घड्याळ बघितलं, आठ वाजून दहा मिनिटं, ते वहीत लिहिलं, आणि मग मला रडू आलं. या क्रमानं.

फोटो काढून हैदराबादला पाठवला. डॉक्टरांचा फोन वीस मिनिटांत आला. खालचा टाका उघडणं बऱ्याच जणींना होतं, भरून येईल. फक्त चार गोष्टी सांभाळायच्या, कागदावर आहेतच: शेक द्यायचा नाही, उकिडवं बसायचं नाही, दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं, आणि डायलेशन एकही चुकवायचं नाही.

"कळलं?"

"कळलं, सर. लिहून घेतलंय."

संध्याकाळी सुनंदानं मायला सांगितलं. माय आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी आल्यापासून अशीच होती.

दुसऱ्या दिवशी सुनंदा शाळेला गेल्यावर गच्चीवरून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. माय दारात. एका हातानं काथ्याची बाज ओढत होती, सुनंदाच्या दोन्ही बाळंतपणातली. मग परत गेली आणि घमेलं घेऊन आली. घमेल्यात गोवऱ्यांचा इस्तू, वर शेपा, ओवा, वावडिंग आणि लसणाची टरफलं. खोली धुरानं भरली.

"उठ," ती म्हणाली. मला. थेट.

"माय, डॉक्टर म्हणले की..."

"डॉक्टर शिवतो. वाळवायचं काम आपलं असतंय. टाके उघडल्यावर धुरी लागती. सुनंदाचे उघडले व्हते, आठ दिवसांत भरले. उठ."

मी उठले. तिनं मला बाजेवर आडवं केलं, खाली घमेलं सरकवलं. मग दोन पाट मांडून उकिडवं बसवलं, कमरेभोवती जुनं लुगडं गुंडाळलं, मी पडू नये म्हणून मागं बसून माझी पाठ तिच्या गुडघ्याला टेकवून घेतली. माझ्या कपाळावर घाम आला तो पदरानं पुसला.

सूचना क्रमांक सात, सूचना क्रमांक अकरा. मला दोन्ही शब्दन् शब्द पाठ होत्या. मी तोंड उघडलं नाही.

बाळंतीण

मग रोज तेच. सकाळी दहा वाजता धुरी, संध्याकाळी चारला धुरी. डिंकाचा लाडू. अळिवाची खीर. आणि पाणी कमी. "बाळंतिणीला लई पाणी दिलं की ओल राहती अंगात," म्हणून दिवसाला तांब्याभर, तेही ओवा घालून उकळलेलं. माझी तीन बाटल्यांची रांग तिनं उचलून स्वयंपाकघरात नेली.

डायलेशनला ती "ड्युटी" म्हणायची. "तुझी ड्युटी दिवसातून एकदा कर. टाका उघडलाय आन् तू त्याच्यातच कांडी घालून राहिली. सारखं खाजवल्यावर खरूज तरी भरतीय का?"

ऐकायला ते इतकं बरोबर वाटायचं. मी तिनाच्या दोन केल्या. मग एक.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई, पाठ केलेली यादी, आणि हे? मी स्वतःला रोज हेच म्हणत होते. धुरी चालू असताना अंगात अस्वस्थपणाची मुंगी फिरायची. उठावं, घमेलं बाहेर न्यावं, कागद वाचून दाखवावा. आणि पाठीला तिचा गुडघा लागलेला असायचा. मी म्हटलं असतं "माय, हे नको," तर ती घमेलं उचलून बाहेर गेली असती, आणि पुढची सहा वर्षं सुनंदाला विचारत राहिली असती की भाजी पाहिजे का.

सोलापूरला माझी मैत्रीण आहे, फरीदा. ब्लाउज शिवते. तिचं हेच ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं. ती एक दिवसाआड फोन करायची.

"धूर कशाचा आहे गं? खोकतेस काय?"

"माय धुरी देती."

"कुणाला?"

"मला."

फरीदा हसत सुटली. "अगं, बाळ कुठंय मग? बारशाला बोलव. झबलं शिवून ठेवते." मग एकदम हसणं थांबलं. "डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगते."

"सांगते म्हणजे सांगितलं नाहीस."

"सांगते म्हटलं ना."

"हे बघ, मला माझ्या अम्मीनं आजवर हात लावला नाही, त्यामुळं मला कळतंय तू का गप्प आहेस. पण जखमेला ते कळत नाही."

मी तिला फोन ठेवायला सांगितलं. दोन दिवस तिचा फोन घेतला नाही.

रकाना

माझ्या वहीत रकाने होते: वेळ, कांडीचा नंबर, ठिपके, रक्त, ताप, पाणी, लघवी. रोज रात्री त्या पानाचा फोटो हैदराबादला जायचा. धुरीचा रकाना मी केला नाही. पाण्याच्या रकान्यात तीन लिटर लिहीत गेले. डायलेशनच्या रकान्यात तीन फेऱ्या. नोकरीत मी एक हजेरी खोटी लावलेली नाही.

ठिपके मात्र खोटे लिहिता आले नाहीत. का ते माहीत नाही. कदाचित ते लिहिले असते तर उरलंच काही नसतं.

पाच. पाच. चार. चार, रक्त. साडेतीन. तीन. लघवीला जळजळ. तीन, रक्त जास्त. ताप.

हैदराबादहून डॉक्टर म्हणाले, "तुमची वही माझ्या बाकी पेशंटना दाखवावी अशी आहे. सगळं बरोबर करताय. मग हे का होतंय, मला कळत नाही. तिथं एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, मी त्यांच्याशी बोलतो."

फोन ठेवल्यावर मी खोलीत चालत राहिले. बसता येत नव्हतं, पडवत नव्हतं. दारापासून खिडकीपर्यंत नऊ पावलं. "तुमची वही दाखवावी अशी आहे." नऊ पावलं. परत नऊ.

पहिलीच खेप

नांदेडात पहिल्या दवाखान्यात रिसेप्शनवरच सांगितलं की अशा केसेस आम्ही बघत नाही. दुसरीकडे डॉक्टरांनी फाइल उघडली, माझ्याकडं बघितलं, फाइल मिटली. तिसरीकडे एक बाई डॉक्टर होत्या, साठीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांच्या माणसानं फोनवर विचारलं, "काय त्रास आहे?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "थांबा," आणि परत येऊन, "अकरा वाजता या. बाई म्हणाल्या, उपाशी येऊ नका."

माय म्हणाली मी पण येते. नको म्हणायला कारण सापडलं नाही.

बाकावर पाच गर्भार बाया आणि आम्ही. शेजारच्या बाईनं माझ्याकडं बघून मायला विचारलं, "सूनबाई का?"

"लेक हाय."

मी फाइलीत डोकं घातलं.

"कितवी खेप?"

"पहिलीच."

"ह्या वयात?"

"हाव. उशीरच झाला जरा." मायनं पदर सारखा केला. "तुमची कितवी?"

त्या बाईनं तिसरी म्हणून सांगितलं. पुढं अर्धा तास दोघींनी पायावरच्या सुजेवर चर्चा केली.

आत टेबलवर डॉक्टर बाईंनी तपासलं. माय पडद्याच्या पलीकडं स्टुलावर. बाईंनी समजावून सांगितलं की जखम भरताना कधीकधी जास्तीचं लाल मांस वाढतं, त्याला हात लागला की रक्त येतं. त्यावर औषधाची कांडी फिरवली की ते जळून जातं, दोन-तीन वेळा यावं लागेल. लघवीला जंतुसंसर्ग आहे, गोळ्या देते. मग त्यांचा हात थांबला.

"हे टाक्याचं नाही. हे भाजलंय. फोड आहेत इथं, आणि एक फुटलाय. कशानं भाजलं?"

"गरम पाण्याची पिशवी घेतली होती," मी म्हणाले. "पोटाला. घसरली असेल."

पडद्याच्या पलीकडून आवाज आला. "पिशवी कुठली? घरात पिशवीच न्हाई. इस्तवानं असंल. मी धुरी देऊन राहिले, बारा दिवस झाले. दोन टाइम."

अभिमानानं सांगितलं तिनं. कामाची खबर द्यावी तशी.

डॉक्टर बाई पडद्यापलीकडं गेल्या. चिडल्या नाहीत. "आजी, ऑपरेशननं तिथल्या नसा बधिर असतात. कित्येक महिने. चटका बसला तरी हिला समजत नाही. आणि उकिडवं बसून टाका रोज ताणला गेला."

"सुनंदाला दिली व्हती. तिला काई झालं न्हाई."

"तिला चटका कळत होता. भाजलं असतं तर ती उठली असती."

पाणी किती देता असं बाईंनी विचारलं तेव्हा माय म्हणाली, "तांब्याभर."

मग बाईंनी हैदराबादला फोन लावला, माझ्यासमोर. "धुरी घेत होती. पाणीही कमी. वहीत नाही ना? नसेलच." मी टेबलवर पडून छताकडं बघत होते. दोघांचं ठरलं ते असं: धुरी बंद, पाणी तीन लिटर, लहान नंबरची कांडी, दिवसातून चार वेळा. चार आठवड्यांनी हैदराबादला तपासणी. तोवर चार ठिपके परत आले तर ठीक. नाही आले तर मार्ग तसाच आवळत जाईल, आणि मग दुसरं ऑपरेशन, आतड्याचा तुकडा घेऊन, पहिल्यापेक्षा मोठं.

चार आठवडे. चार ठिपके. त्या दिवशी माझे तीन होते, तेही जेमतेम.

ऑटोत आणि घरी

ऑटोत माय बाहेर बघत होती. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याला गर्दी, ऑटो हळू. मला प्रत्येक खड्डा लागत होता. ती ड्रायव्हरला दोनदा म्हणाली, "भाऊ, जरा सावकाश."

घरी आल्यावर चप्पल काढता काढता विचारलं, "कागदावर व्हतं का ते? शेक द्यायचा न्हाई म्हणून?"

"होतं."

"तू वाचला व्हता?"

"पाठ आहे."

"मग बोलली कामून न्हाईस?"

मी पाण्याचा तांब्या उचलला, ठेवला. "तू निघून गेली असतीस."

"कुठं?"

"आतल्या खोलीत."

तिनं चपला भिंतीशी सरकवल्या. "मी अडाणी हाय, पण मारकी न्हाई. नको म्हणली असतीस तर इस्तू इझवला असता." मग घमेलं उचललं आणि गच्चीवर गेली. बाजही नेली. त्या वयात एकटीनं, पायरी पायरीनं.

दोन दिवस ती आतल्या खोलीत होती. मी चार वेळा डायलेशन करत होते, तीन लिटर पाणी पीत होते, आणि उरलेला वेळ दार ते खिडकी. हैदराबादला एक लांब मेसेज केला: बारा दिवसांच्या खऱ्या नोंदी, धुरीच्या रकान्यासकट. उत्तर आलं, "आता कळलं. बरं झालं सांगितलंत." फरीदाला फोन केला. ती म्हणाली, "दोन दिवस फोन घेतला नाहीस, म्हणून मी रागावलेय. आता सांग." सांगितलं. ती म्हणाली, "मी काही बोलत नाही. पण बोलले होते."

संध्याकाळी सुनंदा स्वयंपाकघरात भांडी आदळत होती. "एक आत पडून राहिली, एक येरझाऱ्या घालून राहिली. आन् मी शाळेतून येऊन दोघींच्या मधी निरोप पोचवते. मला काय पोस्टात नोकरी लागलीय का?"

जखम कोण बघणार

डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं की फोड आणि टाका रोज कुणीतरी बघून नोंद ठेवावी. आरशात खालचं नीट दिसत नाही. सुनंदानं प्रयत्न केला. बॅटरी धरली, एकदा बघितलं, "अक्का, थांब," म्हणाली आणि खाली बसली. तिला रक्त चालत नाही. शाळेत पोरगं पडलं तरी ती दुसऱ्या बाईंना बोलावते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा गेल्यावर माय दारात आली. हात कोपरापर्यंत धुतलेले. आदल्या रात्री सुनंदाच्या मोबाइलवरून तिनंच डॉक्टर बाईंना फोन केला होता, हे मला नंतर कळलं. हातमोजे घातले, उलटे, मग सरळ केले.

"पड."

"माय, तुला नको..."

"तीनशे बाया बघितल्यात. पड."

मी पडले. डोळे मिटून घेतले. सहा वर्षं जिनं माझ्याकडं बघितलं नाही, ती आता जिथं बघायचं तिथं बघत होती. बॅटरीचा प्रकाश मांडीवर गरम लागत होता की मला तसं वाटत होतं, सांगता येत नाही. मी श्वास धरला होता.

"लाल हाय," ती म्हणाली. "वास न्हाई. पू न्हाई. खालचं उघडं हाय ते तुरीएवढं. फोड वाळायलेत. लिव्ह."

मी डोळे उघडले. "कशाएवढं?"

"तुरीएवढं. डाळ नव्हं, अख्खी तूर."

मी लिहिलं. रात्री फोटो हैदराबादला गेला. डॉक्टरांनी विचारलं, तूर म्हणजे किती मिलिमीटर. मी मोजून कळवलं.

त्यानंतर रोज सकाळी. अख्खी तूर. अख्खी तूर. तुरीची डाळ. ज्वारीचा दाणा. एक दिवस परत डाळ. दुसऱ्या दिवशी परत ज्वारी. ती बोलायची कमी, पण जे बोलायची ते नेमकं. मला एका गोष्टीचं नवल वाटलं: याद्यांचा हा किडा माझ्यात कुठून आला याचा मी आजवर कधी विचारच केला नव्हता. तिला आकडे तेवढे लिहिता यायचे, आणि अंगणवाडीत तीस वर्षं तिनं पोरांची वजनं लिहिली होती.

मधेच, कामाचं

इथं थांबून जिला गरज आहे तिच्यासाठी लिहिते.

तिथं चटका कळत नाही, कित्येक महिने. गरम पाणी, शेगडी, पिशवी, सगळं लांब. टाका उघडला म्हणजे ऑपरेशन वाया गेलं असं नाही. रक्त आलं तर डॉक्टरांना विचारा, पण स्वतःच्या मनानं कांडी बंद करू नका. बारीक करा, बंद नको. आणि घरात जे जे होतंय ते सांगा, लाज वाटली तरी. डॉक्टर माझी वही बघून गोंधळले, कारण मी त्यांना अर्धी वही दिली होती.

आणि घरच्यांना एकच: तुम्हाला मदत करायची असेल तर कागद तुम्हीपण वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. माझ्या मायला कुणी वाचून दाखवलाच नव्हता, आणि तो दोष माझा आहे.

किती

ठिपके मात्र तिनावर अडले. पहिला आठवडा तीन. दुसरा आठवडा तीन. बाईंनी औषधाची कांडी दोनदा फिरवली, चुरचुरलं, लाल मांस कमी झालं, रक्त थांबलं, टाका मोहरीएवढा राहिला. सगळं भरत होतं आणि तीन ते तीनच. भरणं आणि आवळणं यांत मला फरक कळेना. कांडी आत धरून मी पडून असायची आणि डोक्यात दुसऱ्या ऑपरेशनची यादी चालू व्हायची: रजा किती उरली, लातुरात माझ्या जागी चाचण्यांचं कोण बघतं, पोट कापल्यावर किती दिवस. घड्याळ बघायचं नाही असं ठरवायची आणि दर दोन मिनिटांनी बघायची.

माय त्या वेळी बाहेर दाराशी बसायची. आत यायची नाही. ती ड्युटी माझी. तांदूळ निवडत नाहीतर लसूण सोलत. अर्धा तास झाला की आतून कांडी बाजूला ठेवल्याचा आवाज ऐकून विचारायची, "किती?"

"तीन."

"बरं."

दिवसातून चार वेळा. किती. तीन. बरं. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी चिडून म्हटलं, "तेच सारखं काय विचारतेस? वाढले तर सांगेन ना."

दारापलीकडून शांतपणे आलं, "कमी झाले तर सांगशील का?"

बारा दिवसांचं खोटं तिनं एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. त्या एका वाक्यात सगळं आलं. मी म्हटलं, "सांगीन."

"मग इचारते तर इचारू दे."

चौथ्या आठवड्यात, सोमवारी, साडेतीन. मंगळवारी परत तीन. मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं." बुधवारी साडेतीन. गुरुवारी सकाळी साडेतीन. शुक्रवारी सकाळची हैदराबादची गाडी. बॅग भरून दाराशी ठेवली होती. तिच्यात मायचंपण एक लुगडं होतं. येणार का असं मी विचारलं नव्हतं, तिनंच घडी करून ठेवलं होतं.

गुरुवारी दुपारची फेरी. मी पडले. गुडघे वर, पाय सैल, श्वास लांब. कांडी साडेतीनवर थांबली, रोज थांबायची तशी. मी जोर केला नाही. जोर केला की सगळं आवळतं हे एव्हाना शिकले होते. नुसती धरून ठेवली. बाहेर लसणाची सालं सुपात पडत होती. किती वेळ गेला माहीत नाही, कारण त्या दिवशी मी घड्याळ उशाखाली ठेवलं होतं. मग आत काहीतरी सैल झालं, अगदी थोडं, आणि कांडी सरकली.

मी मान उचलून बघितलं. मग आरसा घेतला, तो कडेला लागून वाजला.

बाहेरून, "झालं का? किती?"

"चार."

सालं पडायची थांबली.

"परत बघ."

मी परत बघितलं. बोटानं एकेक ठिपका मोजला, बाहेर राहिलेले, मग एकूणातून वजा केले.

"चारच हायत, माय."

"रक्त?"

"न्हाई."

सूप बाजूला सरकवल्याचा आवाज आला, मग नाक शिंकरल्याचा. मी तशीच पडून होते. उशाखालचं घड्याळ काढून बघितलं, अर्धा तास व्हायला अजून अकरा मिनिटं होती, आणि पहिल्यांदाच मला उठायची घाई नव्हती.